पंधरा ते पन्नास : जुन्या गाड्यांची अडचणीची वर्षे

जालना एमआयडीसीत भंगाराचा ट्रक रिकामा होत असला, की त्या ढिगात काय काय निघते ते पाहण्यासारखे असते. वाकलेली बॉनेट, गॅसकटरने तुकडे केलेली चेसिस, कमानपाट्यांचे जुडगे, ब्रेक ड्रम, कधी एखादा अख्खा दरवाजा, आणि त्याच्या आतल्या बाजूला अजून टिकून राहिलेला कंपनीचा मूळ रंग. हा माल इंडक्शन भट्टीत जातो, सुमारे सोळाशे अंशांच्या उष्णतेत त्याचा रस होतो, त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. बियाण्यांचे शहर म्हणून जालन्याची जेवढी ओळख आहे, तेवढीच आता सळईचे शहर म्हणून आहे.

याच वसाहतीत भट्ट्यांच्या आसपास दुसरेही एक काम चालते. रोलिंग मिल चालवायची तर रोल टर्निंगची लेथ लागते, गिअर कापून देणारा लागतो, बेअरिंगची बैठक मायक्रोमीटरवर पकडणारा फिटर लागतो, गनमेटलचा बुश ओतून देणारी छोटी ओतशाळा लागते. जुनी मोटार चालती ठेवायला नेमकी हीच माणसे लागतात. म्हणजे गाडी वितळवण्याची आणि तीच गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची, अशा दोन्ही सोयी इथे हाकेच्या अंतरावर आहेत. कोणत्या गाडीने कोणत्या फाटकातून आत जायचे, हे ठरवताना आपण फार घाई करतो आहोत आणि कायदाही त्या घाईला हातभार लावतो आहे. त्यात सर्वात जास्त नुकसान होते आहे ते सामान्य माणसाच्या गाड्यांचे.

व्हिंटेज म्हटले की डोळ्यांपुढे राजेरजवाडे उभे राहतात आणि त्यात चूक काही नाही. कोल्हापूरच्या राजघराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक अजून चालते. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी तिच्यातूनच दसरा चौकात येतात आणि सोन्याइतकेच लोक त्या गाडीलाही डोळे भरून पाहतात. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाच्या सहाव्या निजामाने रोल्स रॉईसची सिल्व्हर घोस्ट मागवली होती. १९११ साली त्याचे निधन झाले आणि १९१२ च्या बनावटीची ती पिवळी गाडी सातव्या निजामाच्या वाट्याला आली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. पण त्याच संस्थानात १५ जून १९३२ रोजी, मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे चालवणाऱ्या निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली होती. मराठवाड्याच्या माणसाचा मोटारीशी संबंध आला तो असा, तिकीट काढून. सिंहासनाची गाडी काचेआड नीट जपली गेली. प्रजेच्या गाड्यांबाबत तेवढी आस्था क्वचितच दिसली.

मराठी उद्योगाच्या इतिहासात अशा प्रजेच्या गाड्यांना मोठी जागा आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० निघाली, १९६४ साली तिची 'डिलाइट' आली, आणि सत्तरच्या दशकात तिचेच नाव 'पद्मिनी' झाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढे सलग बाकासारखे आसन. डॉक्टर, वकील, अडत व्यापारी आणि कारखान्याचा मालक, सगळे हीच गाडी वापरत. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी स्वस्त मोटार तयार करण्यासाठी कित्येक वर्षे आणि पदरचा पैसा घातला. ती बाजारात येऊ शकली नाही, पण महाराष्ट्रातल्या एका गावात मोटारीचे स्वतंत्र डिझाइन झाले, ही साधी गोष्ट नव्हे. आणि जीप? महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे तहसीलदार, पाटबंधारे खाते, आरोग्य खाते आणि निवडणुकीचा प्रचार यांची कल्पना जीपवाचून करता येईना. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत महिंद्राच्या कमांडर 'काळी-पिवळी' होऊन धावल्या. बाजारचा दिवस, लग्नसराई, दवाखाना, सगळा भार त्यांच्यावर होता.

रविवारी जुन्या गाड्या बाहेर काढण्याची हौस आपल्याकडे तशी नवी नाही. 'स्टेट्समन' वृत्तपत्राची दिल्लीतली रॅली १९६४ साली सुरू झाली, कोलकात्यातली १९६८ साली. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यांनी ही परंपरा जपली. जगात या प्रकारातली सर्वात जुनी फेरी लंडन ते ब्रायटन. १८९६ च्या नोव्हेंबरातल्या एका प्रवासाची आठवण म्हणून ती १९२७ पासून भरते आणि १९०५ पूर्वीच्या गाड्यांनाच तीत प्रवेश मिळतो. हे सगळे सोहळे मोठ्या शहरांतले. हौस मात्र आता लहान शहरांत पसरली आहे, कारण आजोबांची फियाट, मामांची जावा किंवा शेतातल्या शेडमध्ये धूळ खात पडलेली जीप असतेच कुठे ना कुठे.

आता कायद्याचे पाहू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत प्रथमच 'व्हिंटेज' वाहनाची स्वतंत्र व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. आधी नोंद असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्याला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला क्रमांक मिळतो. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही. हा नियम चांगला आहे. अनेक वर्षे या गाड्यांना कागदोपत्री घरच नव्हते, ते मिळाले.

अडचण आहे ती मधल्या काळाची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० रुपये झाले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून तर पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपवली गेली आणि त्यांची रवानगी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात होऊ लागली. म्हणजे १९७४ ची पद्मिनी आज व्हिंटेज म्हणून मान मिळवू शकते, पण १९८५ ची तशीच पद्मिनी २०३५ पर्यंत केवळ 'जुनी गाडी' राहते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. तिच्या पहिल्या वर्षातल्या गाड्यांनाही २०३३ च्या आधी ही मान्यता नाही. आणि सरकारी जीप? ती पन्नाशी गाठणारच नाही.

जुन्या डिझेल इंजिनाचा धूर कमी झाला पाहिजे, शहरांची हवा सुधारली पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. रोज पन्नास किलोमीटर धावणारी, धूर ओकणारी गाडी मोडीत निघावीच. पण महिन्यातून दोनदा सकाळी तासभर बाहेर पडणाऱ्या, मूळ स्थितीत जपलेल्या पद्मिनीला त्याच रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे. तिचा वापर वेगळा, तिचा मालक वेगळा, तिची देखभालही वेगळी.

ही देखभाल किती जवळून करावी लागते, ते एकदा समजून घेण्यासारखे आहे. फियाटचा डिस्ट्रिब्युटर उघडला की आत 'पॉइंट' दिसतात, टंगस्टनच्या दोन छोट्या टिकल्या. इंजिनासोबत फिरणारा कॅम त्यांना उघडतो आणि प्रत्येक उघडण्याबरोबर एका प्लगला ठिणगी मिळते. १, ३, ४, २ असा त्यांचा क्रम. कॅमचा उंचवटा बरोबर टाचेखाली आणून फीलर गेजची पाती आत सरकवायची. फट साधारण ०.४ मिलिमीटर. पाती अडखळत, पण अडकून न बसता निघाली पाहिजे. टिकल्या काळ्या पडल्या असतील तर अगदी बारीक पॉलिश पेपरचा एक हात. सारख्याच जळत असतील तर दोष पॉइंटचा नसतो, कंडेन्सरचा असतो, हे जुना मिस्त्री न उघडता सांगतो. त्याचे निम्मे निदान कानाने होते. टॅपेटची टकटक, पिस्टनची खडखड आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगची घरघर त्याला वेगवेगळी ऐकू येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि नव्या दुचाकीतूनही कार्ब्युरेटर गेला. त्यामुळे आज आयटीआयमधून बाहेर पडणारा मुलगा स्कॅनर सहज वाचतो, पण एअर-स्क्रूच्या पाव आट्याने इंजिनाचा सूर कसा बदलतो, हे त्याला दाखवणारे उरले नाहीत. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि हातात जास्त आहे. ते हात आता थकत चालले आहेत.

जालन्याच्या हवेचे आणखी काही वेगळे नियम आहेत. कोकणाच्या किंवा मुंबईच्या मानाने इथे पाऊस फार कमी, त्यामुळे पत्रा सडण्याची भीती कमी. मराठवाड्यातल्या कोरड्या शेडमध्ये वीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे फ्लोअर पुष्कळदा शाबूत निघते. याउलट रबर, लाकूड आणि रेक्झिन यांचे इथे हाल होतात. एप्रिल-मेच्या उन्हात काचेचे बीडिंग तडकते, होजपाइप कडक होतात. त्याच उन्हात फियाटचा यांत्रिक फ्युएल पंप तापतो, पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि चढावर गाडी बंद पडते. त्यावर जुना उपाय आजही चालतो : ओले फडके पंपावर ठेवायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि मग सेल्फ मारायचा. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्याचा क्षार इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये बसतो आणि मग कितीही फ्लश केले तरी इंजिन तापतच राहते. भट्ट्यांच्या परिसरात रंगाचीही काळजी घ्यावी लागते. हवेतले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगावर बसतात, दवाने गंजतात आणि नारिंगी ठिपके पडतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तर तेच कण ओरखडे काढतात. आधी भरपूर पाणी, मग फडके.

या सगळ्यांहून मोठे संकट पंपावर उभे आहे. देशात आता सर्रास मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे. उसाच्या पट्ट्याला त्याचा फायदा आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटरसाठी हे इंधन नव्हते. इथेनॉल जुने रबर आणि बुचाचे पॅकिंग खराब करते, हवेतला ओलावा शोषते आणि टाकीला आतून गंज चढवते. त्याची उष्णताही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. उपाय आहेत : फ्युएल लाइन इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची बसवणे, पंपाचा डायफ्राम बदलणे, जेट एका मापाने मोठा घेणे, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून न ठेवणे. यापूर्वीही असे संकट येऊन गेले. फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हा जुन्या हेडच्या व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या, आणि कडक धातूच्या सीट बसवून हौशी मंडळींनी त्यावर मात केली. त्या सीट बसवून दिल्या लेथवाल्यांनीच.

पुन्हा एमआयडीसीकडे यायचे ते याचसाठी. सुट्या भागांचा प्रश्न जुन्या गाडीच्या मालकाला सर्वात जास्त छळतो. पद्मिनीचे आणि अँबेसेडरचे पुष्कळ भाग अजून मिळतात. अँबेसेडर तर उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत होती. पण एखाद्या ऑस्टिनचा किंगपिन, हिलमनच्या पाणीपंपाचा इंपेलर किंवा जुन्या विलीजचा एखादा बुश हवा असेल तर तो दुकानात मिळत नाही, करून घ्यावा लागतो. इथे औद्योगिक वसाहतीचे महत्त्व कळते. जालन्यात टर्नर, फिटर, ओतशाळा. तासाभराच्या अंतरावर वाळूज, जिथे बजाज ऑटोच्या कारखान्याभोवती १९८५ पासून सुट्या भागांचे शेकडो पुरवठादार उभे राहिले. आणि शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाची जुळणी. सुटे भाग घडवण्याचे एवढे कसब फार थोड्या ठिकाणी एकवटले असेल. नमुना आणि माप घेऊन गेले तर एका शनिवारी गनमेटलचा बुश तयार होतो. मात्र घाई करू नये. मूळ भाग झिजलेला असतो, त्याचे माप तसेच उतरवले तर झीजही उतरते. जोडीचा न झिजलेला भाग मोजून मगच ड्रॉइंग करावे आणि ते ड्रॉइंग जपून ठेवावे. दुसऱ्या कुणाला तरी त्याची गरज पडतेच.

मूळपणाचा प्रश्न जीपच्या बाबतीत जास्त टोकदार आहे. रुंद टायर, दुसरेच इंजिन, कापलेली बॉडी, असे रूप घेतलेल्या जीप मराठवाड्यात बऱ्याच दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाहीत. शिवाय अशी गाडी पुढे व्हिंटेजच्या व्याख्येतही बसत नाही. तरुण मालकांनी हे आधीच लक्षात घ्यावे. आज हौसेने कापलेली बॉडी वीस वर्षांनी कुठल्याही पैशाने परत मिळत नाही. विम्याचेही तसेच : थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहेच, पण स्वतःच्या गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून, फोटो आणि मूल्यांकन देऊन ठरवून घ्यावी. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन थांबलेल्या गाड्यांची किंमत परस्पर सहमतीनेच ठरते.

चालवण्याचा आनंद हा या हौसेचा गाभा, आणि तो समृद्धी महामार्गावर शोधू नये. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. ड्रम ब्रेकची, साठ-सत्तरच्या वेगात खुलणारी गाडी त्या प्रवाहात धोकादायक ठरते. काँक्रीटवर टायर लवकर तापतात, आणि वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टायरला नक्षी कितीही शिल्लक असली तरी रबर म्हातारे झालेले असते. जालन्याहून राजूरच्या गणपतीला, अंबडच्या मत्स्योदरी देवीला, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी, घनसावंगी तालुक्यात जांब समर्थला, किंवा थोडे लांब लोणारपर्यंत, असे रस्ते या गाड्यांच्या तब्येतीचे आहेत. पहाटे निघावे, उन्हे चढायच्या आत परतावे. सोबत फॅनबेल्ट, पॉइंटचा सेट, कंडेन्सर, एक होजपाइप, तार, पाच लिटर पाणी आणि ते फडके असावे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ते पाणी शोषते आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. निघण्याआधी पेडल एकदा दाबून पाहणे हा नियम कधीही मोडू नये.

इतर देशांनी मधल्या काळाचा प्रश्न कसा सोडवला आहे, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीत ३० वर्षांवरच्या, नीट राखलेल्या गाडीला 'एच' अक्षराची पाटी १९९७ पासून मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर वाहन कर माफ होतो आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीही बहुतेकांना लागत नाही. जुन्या वाहनांचा जागतिक महासंघ, १९६६ साली स्थापन झालेला 'फिवा', ३० वर्षे हीच मर्यादा मानतो. त्याची अटही सरळ आहे : गाडी ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत असावी आणि रोजच्या प्रवासाचे साधन नसावी. भारताने ५० हा आकडा ठेवला. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत पत्रा, रबर आणि मालकाची उमेद, तिन्ही संपतात. म्हणून तीस वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी एक मधला वर्ग हवा : वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, कमी शुल्क, कठोर तपासणी. यात हवेचे नुकसान नाही आणि महसुलाचेही फारसे नाही.

केंद्राचा नियम बदलेपर्यंत जालन्याला स्वतःच्या पातळीवर बरेच करता येईल. एखाद्या जिल्हा परिषदेची किंवा तहसिलीची मूळ जीप संग्रहालयासाठी वेगळी काढावी. अहिल्यानगरला लष्कराने रणगाड्यांचे संग्रहालय उभारले आहे, मराठवाड्याच्या वाहतुकीचे का असू नये? आयटीआयने निवृत्त मिस्त्रींना आठवड्यातून एक दिवस बोलावून मुलांना कार्ब्युरेटर उघडायला लावावा. भंगार घेणाऱ्यांनी चाळीस वर्षांवरची, अख्खी, कागदपत्रे असलेली गाडी आली तर कटर लावण्याआधी आठ दिवस ती बाजूला ठेवावी.

आणि ज्यांच्या वाड्यात, शेडमध्ये किंवा कारखान्याच्या मागच्या आवारात अशी गाडी उभी आहे, त्यांनी या रविवारी एवढेच करावे : आरसी बुक शोधावे, चेसिस आणि इंजिन नंबर त्याच्याशी ताडून पाहावेत, नूतनीकरणाची तारीख बघावी. गाडी स्क्रॅपिंग केंद्रात एकदा मोडीत निघाली की नोंदणी रद्द होते, आणि मग ती गाडी कागदावरही उरत नाही.